१९८८ चं मेन कूनचं अमेरिकन तिकीट: पाकिटावरून काढू की तसंच ठेवू?

तिकीटवेडी

नमस्कार मंडळी. मी एकाच विषयावरची तिकिटं जमवते, विषय म्हणजे मांजर. मध्यंतरी एका जुन्या लॉटमध्ये एक अमेरिकन पाकीट हाती लागलंय, त्यावर १९८८ चं २२ सेंटचं तिकीट आहे आणि त्यात दोन मांजरं आहेत, एक मेन कून आणि एक बर्मीज. लांब केसांची मांजरं हा माझा खास जिव्हाळ्याचा भाग, त्यामुळे हे पाकीट मिळाल्यापासून भिंग हातातून सुटत नाहीये.

तर प्रश्न असे. तिकीट पाण्यात भिजवून सुटं करावं आणि अल्बममध्ये लावावं असं आधी मनात होतं, कारण माझा सगळा संग्रह सुट्या तिकिटांचाच आहे. पण या पाकिटावर अजून एक बारकं तिकीट आहे, गडद लालसर, त्यावर छत असलेली घोडागाडी आणि किंमत ३ सेंट. त्याला दाते फक्त डाव्या-उजव्या बाजूला आहेत, वर आणि खाली कड एकदम सरळ कापलेली. आधी वाटलं कोणीतरी कात्रीने कापलंय, पण कापणी फारच स्वच्छ आहे. शिक्का दोन्ही तिकिटांवर मिळून पडलाय, त्यात मे १९८८ नीट वाचता येतं, गावाचं नाव पुसट आहे. पत्र अमेरिकेतल्या अमेरिकेतच गेलेलं आहे. मांजराचं तिकीट असताना हे ३ सेंटचं कशाला लावलं असेल?

दुसरं म्हणजे माझ्या मैत्रिणीशी यावरून वाद झाला. तिचं म्हणणं मेन कून हे काही जातिवंत मांजर नाही, शेतावरचं साधं मांजर, केस लांब आले एवढंच, खरं पेडिग्रीचं लांब केसांचं मांजर म्हणजे पर्शियन. मग त्याला अशा तिकिटावर जागा कशी मिळाली? या सेटमध्ये बाकी कुठली मांजरं आहेत तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

अल्बमकाका

ताई, आधी एक सांगतो, पाकीट पाण्याच्या जवळपासही नेऊ नका. तुमच्या हातात सुटं तिकीट नाहीये, एक अख्खी गोष्ट आहे, आणि तिचा अर्धा भाग त्या घोडागाडीत आहे.

मांजरांचा हा सेट ५ फेब्रुवारी १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये निघाला. चार तिकिटं एकमेकांना जोडून, ज्याला आपण से-टेनंट ब्लॉक म्हणतो, आणि प्रत्येक तिकिटावर दोन जाती, म्हणजे एकूण आठ मांजरं. चित्रं जॉन डॉसन यांची. जोड्या अशा: सयामीज आणि एक्झॉटिक शॉर्टहेअर, अ‍ॅबिसिनियन आणि हिमालयन, मेन कून आणि बर्मीज, अमेरिकन शॉर्टहेअर आणि पर्शियन.

आता २२ सेंट का, तर तेव्हा अमेरिकेत एक औंसापर्यंतच्या फर्स्ट क्लास पत्राचा दर तेवढा होता, फेब्रुवारी १९८५ पासून तोच चालू होता. पण ३ एप्रिल १९८८ ला तो २५ सेंट झाला. म्हणजे ही मांजरं निघाल्यावर जेमतेम दोन महिने एकट्याच्या जोरावर पत्र पोचवू शकत होती, त्यानंतर ज्यांच्याकडे ही तिकिटं उरली होती त्यांना प्रत्येक पत्राला ३ सेंट वरून लावावे लागले. तुमचा शिक्का मे महिन्याचा, २२ अधिक ३ बरोबर २५, हिशेब चोख जुळतो. दरवाढ झाली की असं भरपाईचं तिकीट लावायची वेळ नेहमीच येते पण दर बदलल्यावर दोन महिन्यांच्या आत वापरलेलं, दोन्ही तिकिटांवर एकच शिक्का पडलेलं आणि पैसेही नेमके जुळणारं पाकीट म्हणजे त्या दरवाढीचा पुरावाच, तो भिजवून दोन कागदाचे तुकडे करायचे म्हणजे अन्याय आहे.

ती घोडागाडी म्हणजे कोनेस्टोगा वॅगन, तीही १९८८ चीच, २९ फेब्रुवारीला निघालेली. वाहनांची एक मोठी मालिका होती त्यातली. दाते दोनच बाजूंना आहेत कारण ते कॉइल तिकीट आहे, म्हणजे शीटमधलं नाही, लांब पट्टीच्या गुंडाळीतलं, एकेक फाडून घ्यायचं. कोणी कापलेलं वगैरे नाही, ते जन्मतःच तसं. दर वाढायच्या आधी, मार्चमध्ये, किंमतच न छापलेलं पृथ्वीचं चित्र असलेलं "ई" तिकीटही काढलं होतं, ते २५ सेंटच्या जागी चालायचं. ते मिळत असूनही या माणसाने मांजर वापरलं आणि तीन सेंट वेगळे लावले, मला त्यातच त्याची आवड दिसते.

पैशाच्या बाबतीत मात्र फार आशा ठेवू नका, ही तिकिटं कोट्यवधींनी छापली गेली, सुटं वापरलेलं तिकीट कुठल्याही लॉटमध्ये सापडतं. म्हणूनच म्हणतो, मेन कून सुटं हवंय ना, ते सहज मिळेल, हे पाकीट पुन्हा मिळायचं नाही.

केसाळशेपूट

काकांनी तिकिटाचं सांगितलं, मी मांजराचं सांगते, कारण मैत्रिणीचं म्हणणं वाचून राहवलं नाही.

ती अर्धी बरोबर आहे. मेन कून हे शेतावरचंच मांजर. अमेरिकेच्या अगदी ईशान्य टोकाला मेन राज्य आहे, तिथला हिवाळा लांब आणि कडक, भरपूर बर्फ, आणि तिथल्या गोठ्यांत, बंदरांत उंदीर मारणारी ही मांजरं पिढ्यान्‌पिढ्या त्या थंडीतूनच निवडली गेली. त्याचा कोट बघा, पर्शियनसारखा सगळीकडे एकसारखा लांब आणि फुललेला नसतो. खांद्यांवर आखूड, पाठीवरून मागे जाताना वाढत जाणारा, पोटाखाली आणि मागच्या मांड्यांवर सगळ्यात लांब, म्हणजे बर्फात बसल्यावर जिथे थंडी लागते तिथेच जास्त केस. स्पर्श रेशमी, पाणी पटकन आत शिरत नाही. पंजांच्या बोटांमधून केसांचे झुपके बाहेर आलेले, कानांच्या आत दाट केस आणि बऱ्याच मांजरांना कानाच्या टोकावर लिंक्स या रानमांजरासारखी शेंडी. आणि शेपूट! झोपताना ती अंगाभोवती आणि नाकावर गुंडाळून घेतात, अगदी दुलई ओढल्यासारखी.

रॅकूनशी संकर होऊन हे मांजर झालं असं अजूनही लोक ठामपणे सांगतात, कृपया विश्वास ठेवू नका, मांजर आणि रॅकून वेगवेगळ्या कुळातले प्राणी आहेत, त्यांना पिल्लं होऊच शकत नाहीत. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतने आपली मांजरं जहाजाने पाठवली हीसुद्धा दंतकथाच.

पण "जातिवंत नाही" हे मात्र साफ चूक. मेनमधले शेतकरी १८६० च्या दशकातच स्कोहेगनच्या जत्रेत आपापल्या मांजरांची स्पर्धा भरवत होते. मे १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकेतला पहिला मोठा कॅट शो झाला, आणि त्यात सर्वोत्तम मांजराचा मान मिळाला कोझीला. कोझी कोण, तर तपकिरी टॅबी, म्हणजे पट्टेरी, मेनचं मांजर. म्हणजे पर्शियनचा बोलबाला होण्याच्या आधी बाजी या शेतावरच्या मांजराने मारली होती!

नंतर परदेशातून पर्शियन आले, शोमध्ये तेच दिसायला लागले आणि मेन कून मागे पडलं, इतकं की १९५० च्या दशकात ही जात संपली असं जाहीर करण्यापर्यंत मजल गेली. संपली नव्हती, मेनमधल्या घराघरांत होतीच, फक्त शोच्या कागदांवर नव्हती. तिथल्या लोकांनी चिकाटीने नोंदी ठेवल्या, १९६८ मध्ये ब्रीडर लोकांची स्वतःची संघटना उभी केली, ब्रीडचं स्टँडर्ड लिहिलं, आणि १ मे १९७६ ला सीएफएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने, चॅम्पियनशिपचा दर्जा दिला. १९८५ मध्ये मेनने त्याला राज्याचं अधिकृत मांजर केलं. त्यानंतर तीनच वर्षांत तुमचं तिकीट. तेव्हा मैत्रिणीला सांगा की जागा फुकटात मिळालेली नाही.

जनुकवाला

मैत्रिणीच्या मुद्द्यात अजून एक गडबड आहे ती सांगतो. लांब केस आणि पेडिग्री यांचा थेट संबंध नाही. मांजराचे केस किती वाढायचे हे मुख्यतः एफजीएफ-५ नावाचं जनुक ठरवतं, ते केसाची वाढ थांबवायचं काम करतं. ते बिघडलेलं असेल तर केस वाढत राहतात. हा गुण अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच पिल्लू लांब केसांचं होतं. त्यामुळे आखूड केसांच्या दोन साध्या मांजरांच्या एकाच वेतात एखादं झुबकेदार पिल्लू निघू शकतं आणि लोक लगेच म्हणतात हे पर्शियन आहे. नाही हो, ते लांब केसांचं घरगुती मांजर आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पेडिग्री म्हणजे नोंद. आई कोण, बाप कोण, आजी-आजोबा कोण हे रजिस्ट्रीच्या वहीत सापडलं पाहिजे आणि त्या जातीचं जे स्टँडर्ड लिहिलेलं आहे ते पिढ्यान्‌पिढ्या उतरलं पाहिजे.

आता हे लक्षात ठेवून त्या ब्लॉककडे बघा, मला तो फार आवडतो, कारण त्या आठ मांजरांत नातीगोती आहेत. हिमालयन म्हणजे पर्शियन आणि सयामीजचा संकर, त्यासाठी अमेरिकेत मुद्दाम प्रयोग झाले आणि १९३५ मध्ये डेब्युटांट नावाचं पहिलं तसं पिल्लू जन्मलं, जात म्हणून मान्यता मिळायला १९५७ उजाडलं. एक्झॉटिक शॉर्टहेअर म्हणजे पर्शियन आणि अमेरिकन शॉर्टहेअरचा संकर, तोंड पर्शियनचं पण केस आखूड, १९६७ ची मान्यता. बर्मीजची सगळी वंशावळ वाँग माऊ नावाच्या एका मांजरीपाशी जाते, ती १९३० मध्ये अमेरिकेत आली आणि तिचा जोडीदार सयामीज होता. म्हणजे आठांपैकी तीन जाती तिथेच शेजारी बसलेल्या दुसऱ्या जातींमधून तयार झालेल्या, आई-बाप आणि लेकरं एकाच ब्लॉकवर! मेन कून मात्र यात कोणाचंच लेकरू नाही, ते कोणी ठरवून घडवलेलं नाही, आधी मांजर होतं आणि वही नंतर आली. तुमच्या तिकिटावर तर दोन टोकं शेजारी बसलीत, एका मांजरीपासून जाणीवपूर्वक वाढवलेलं बर्मीज आणि थंडीने घडवलेलं मेन कून.

आणि हो, १९८४ मध्ये सीएफएने हिमालयनला स्वतंत्र जात न मानता पर्शियनचाच एक विभाग केलं होतं. चार वर्षांनी तिकिटावर मात्र दोघं वेगवेगळी. माझ्या मते तिकिटवाल्यांनी बरोबर केलं, बघणाऱ्याला ती वेगळीच दिसतात. हिमालयनचा चेहरा, कान, पाय आणि शेपूट गडद असतात कारण रंग तयार करणारं त्यांचं एन्झाइम उष्णता सहन करत नाही, अंगाच्या थंड भागातच नीट काम करतं. पिल्लं जन्मतात ती जवळपास पांढरी, रंग नंतर चढतो.

तिकीटवेडी

काका, ३ सेंटचा हिशेब वाचून अंगावर काटा आला, खरंच. त्या तिकिटाकडे मी "मधे आलेलं" म्हणून बघत होते. भिजवायचा विचार रद्द. आणि जनुकवाले दादा, ते नात्यांचं मी कुठेच वाचलं नव्हतं, आता अख्खा ब्लॉक हवाच.

केसाळशेपूट ताई, एक विचारते. माझ्याकडे दुसऱ्या देशांची काही तिकिटं आहेत ज्यावर लांब केसांचं मोठं मांजर आहे पण जात लिहिलेली नाही. मेन कून आणि नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅट यात मी दरवेळी अडकते. आणि पर्शियन तर काय, चपटं तोंड दिसलं की कळतं, पण जुन्या चित्रांत पर्शियनचं तोंडही इतकं चपटं दिसत नाही.

केसाळशेपूट

चेहरा बाजूने दिसत असेल तर सोपं आहे. नॉर्वेजियनचं कपाळ ते नाकाचं टोक ही रेघ सरळ उतरते, मधे खळगा नाही, आणि समोरून चेहरा त्रिकोणी, डोळे बदामी, थोडे तिरके. मेन कूनच्या नाकाच्या रेघेत हलका खोलगट बाक असतो, आणि तोंडाचा पुढचा भाग, जबडा आणि मिशांची जागा, चौकोनी, ठळक, जणू वेगळा ठोकळा बसवलाय. डोळे मोठे, बरेच गोलसर. कान दोघांचेही मोठे, पण मेन कूनचे डोक्यावर उंच बसलेले आणि ताठ. कानाच्या शेंडीवरून ठरवू नका, ती दोघांनाही असते. समोरून काढलेलं छोटं चित्र असेल तर चित्रकाराने तो चौकोनी जबडा दाखवलाय का एवढंच बघा, नसेल दाखवला तर "लांब केसांचं मांजर" एवढीच नोंद अल्बममध्ये करा, ओढूनताणून जात लावू नका.

पर्शियनचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. जुन्या पर्शियनला नीट नाक होतं, तोंड अतिचपटं होणं ही नंतरच्या ब्रीडिंगची करामत, आणि मला ते मनापासून खटकतं कारण त्या मांजरांना श्वासाचा त्रास, डोळ्यांतून सतत पाणी, जबड्यात दात दाटीवाटीने येणं हे सगळं भोगावं लागतं. तिकिटावर गोंडस दिसतं म्हणून कोणी पाळायचा विचार करत असेल तर हे आधी बघा, शिवाय रोज विंचरायची तयारी हवी नाहीतर केसांच्या गाठी थेट कातडीपर्यंत जातात. पर्शियनमध्ये किडनीत गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजारही आहे, त्याची डीएनए टेस्ट मिळते.

मेन कूनमध्ये केसांचा त्रास कमी पण हृदयाचा प्रश्न आहे. हृदयाचे स्नायू जाड होत जातात, एचसीएम म्हणतात त्याला, आणि या जातीतलं त्याचं एक म्युटेशन २००५ मध्ये सापडलं. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे निर्धास्त असं नाही, ब्रीडिंगच्या मांजरांची वेळोवेळी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावीच लागते. ज्या ब्रीडरला हे विचारल्यावर राग येतो त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पिल्लू मोठं व्हायला वेळ लागतो, पूर्ण भरायला तीन ते पाच वर्षं, बोके सहा-आठ किलोचे सहज होतात, पण आवाज मात्र इवलासा, म्याँव कमी आणि घशातल्या घशात किलबिल जास्त.

दातेरी

काकांशी पाकिटाबाबत सहमत, फक्त सरसकट "भिजवू नका" असं नवीन लोकांनी डोक्यात घेऊ नये म्हणून लिहितो. शिक्का भयंकर काळा असेल, पाकीट फाटलेलं असेल, दरात काही विशेष नसेल तर भिजवणं योग्यच. १९८८ च्या या तिकिटांना पाण्यात सुटणारा गोंद आहे. तिकिटाभोवती भरपूर कागद सोडून कापा, साध्या किंवा जरा कोमट पाण्यात ठेवा, आपोआप सुटेपर्यंत थांबा, ओढू नका, नंतर मागचा चिकटपणा स्वच्छ पाण्यात धुवा, ब्लॉटिंग पेपरवर उलटं वाळवा आणि जड पुस्तकाखाली रात्रभर. रंगीत पाकीट असेल तर प्रत्येक वेगळ्या भांड्यात, नाहीतर रंग सुटून शेजारच्या तिकिटाला लागतो. अमेरिकेची अलीकडची सेल्फ-अ‍ॅडहेसिव्ह तिकिटं मात्र पाण्याने सुटतीलच असं नाही, ती कागदासकट कापून ठेवलेली बरी.

ताईंच्या पाकिटासाठी: पारदर्शक पॉलिस्टर बाही, म्हणजे पाकीट सरकवून ठेवायची पिशवी, घ्या, पीव्हीसीची नको, पीव्हीसीतून जे द्रव्य सुटतं ते शाई आणि कागद दोन्ही खराब करतं. मागे टेप, गोंद, हिंज (तिकीट अल्बमला चिकटवायची कागदी पट्टी) काही नाही.

तिकीटवेडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पाकीट बाहीत ठेवून अल्बमच्या पानावर कोपऱ्यांनी अडकवणार आहे, शेजारी दरवाढीची तारीख लिहीन. ब्लॉक मिंट, म्हणजे न वापरलेला कोरा, घेऊ की वापरलेला? आणि संग्रहाची सुरुवात खरं तर कुठून दाखवावी, मांजर तिकिटावर पहिल्यांदा कधी आलं?

अल्बमकाका

ब्लॉक मिंटच घ्या, चारही जोडलेले, मधले दाते फाटलेले किंवा घडी पडलेला नको, एवढं बघा. वापरलेल्यात चार जोडलेली तिकिटं एका स्वच्छ शिक्क्याची मिळाली तर उत्तम, पण शोधावं लागेल. फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाच्या शिक्क्याचं पाकीट, घेतलंत तर त्यावर न्यूयॉर्कचा ५ फेब्रुवारीचा शिक्का असेल, ते तुमच्या मे महिन्याच्या पाकिटाच्या वर लावा, म्हणजे एका पानावर २२ सेंटचे दिवस आणि २५ सेंटचे दिवस दोन्ही दिसतील.

सुरुवातीसाठी स्पेनचं १९३० चं हवाई टपालाचं, वैमानिक लिंडबर्गचं तिकीट शोधा, विमान निघालंय आणि खालच्या कोपऱ्यात एक मांजर ते बघतंय, बहुतेक संग्राहक पहिलं मांजर म्हणून तेच धरतात. त्यानंतर पोलंडचा १९६४ चा दहा तिकिटांचा सेट, तो संपूर्ण घरगुती मांजरांवर आहे, त्यात लांब केसांचं पर्शियनही आहे. पोलंडचा सेट शिक्का मारलेला स्वस्तात मिळतो पण तो बहुतेक वेळा पत्रावर न वापरता छापखान्यातल्यासारखा नीटनेटका कोपऱ्यात मारलेला शिक्का असतो आणि मागे गोंद तसाच असतो, घेताना मागची बाजू बघायला मागा.